रिपोर्टमध्ये न दिसणारा आजार
ताप थर्मामीटरवर दिसतो, मधुमेह रक्तात. नैराश्य मात्र ‘झोप लागते का? जेवण जातं का?’ असं विचारूनच ओळखावं लागतं. मग दोन डॉक्टरांचं एकमत व्हावं कसं? १९६०च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या मनोरुग्णालयांची तुलना झाली. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी जास्त होतं. पण एकाच ठरावीक पद्धतीने मुलाखती घेतल्यावर हा फरक बराचसा मावळला. म्हणजे फरक मुख्यतः डॉक्टरांच्या व्याख्येत होता! अशा अनुभवांनंतर १९८० साली अमेरिकेच्या ‘डीएसएम-३’ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत प्रत्येक आजाराचे निकष स्पष्ट लिहिले गेले. आज नैराश्यासाठी ९पैकी किमान ५ लक्षणं, दोन आठवडे. त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं हवंच. पण निदान पक्कं करण्याआधी थायरॉइडही तपासून घ्यावं. ते मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो.