मुलगी आळशी नाही, रक्त कमी आहे

माता-पालक सभेत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. "मुलगी पुस्तक घेऊन बसली की पेंगते, जिना चढली की धापा टाकते, घरकामात तर नुसती आळशी!" भगिनींनो, तिला रागावण्यापूर्वी तिची खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग पाहा. तो लालसर असायला हवा. तो पांढुरका दिसला, जीभ आणि नखेही फिकट असली, तर दोष तिच्या स्वभावाचा नसून रक्ताचा असू शकतो. खडू, पाटीची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची सवय हेही त्याचे एक लक्षण आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन साऱ्या शरीराला प्राणवायू पोहोचवते आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले की थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. यालाच रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात. सभांमध्ये माता नेहमी विचारतात अशा काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

मुलींनाच हे जास्त का?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के आहे. वाढीचे वय आणि मासिक पाळी ही कारणे आहेतच. पण आपल्या दस्तरखानवरही नजर टाका. अनेक घरांत सालनातल्या बोट्या आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, मुलींच्या वाट्याला शोरबाच उरतो.

बीट आणि डाळिंबाने रक्त वाढते ना?

ही फळे-कंदमुळे चांगलीच आहेत, पण रंग लाल म्हणून त्यांत लोह भरपूर असते असे नाही. कलेजी आणि खिमा यांतील लोह शरीर सहज शोषून घेते. मसूर, हरभरे, बाजरी, तीळ आणि अहळीव यांतही ते मिळते. डाळीवर लिंबू पिळावे किंवा सोबत पेरू, आवळा खावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र उलटे काम करतो. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा.

शाळेतली निळी गोळी घेऊ द्यावी का?

होय, जरूर. ही गोळी आठवड्यातून एकदा मिळते. तिने पुढे मूल होत नाही, अशी अफवा अधूनमधून उठते आणि काही मुली घरच्यांच्या सांगण्यावरून गोळी फेकून देतात. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला रोज मिळणाऱ्या लाल गोळीत नेमके हेच आणि एवढेच असते. फरक फक्त रंगाचा! जी गोळी आई आणि बाळासाठी दिली जाते, ती मुलीची कूस कशी उजाड करील?

ती जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये. गोळ्या लहान भावंडांच्या हाती मात्र लागू देऊ नका. लहान मुलाने एकदम बऱ्याच खाल्ल्या तर त्या विषारी ठरतात. जंतांमुळेही रक्त कमी होते, म्हणून शाळेत मिळणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर हिमोग्लोबिन तपासता येते. १५ वर्षांपुढील मुलीचे प्रमाण १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर आठवड्याची गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज औषध घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल किंवा तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. औषध नीट घेऊनही फरक पडत नसेल, तर थॅलेसेमियाची तपासणी करावी लागेल का, हेही विचारा. नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांनी तर हे आवर्जून विचारावे.

दहावीच्या वर्षी आपण शिकवणीचा खर्च सोसतो. त्याआधी मुलीचे हिमोग्लोबिन किती आहे, हे एकदा पाहून घ्या. आणि आज सालन वाढताना तिच्या ताटातही बोटी पडली की नाही, तेही पाहा.