सात ठोकळ्यांचा डाव

व्याख्यानाच्या व्यासपीठावर पोरखेळाची चर्चा कशासाठी, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु हा पोरखेळ एका शास्त्रीय संस्थेत जन्मला आहे. १९९० नंतरच्या दशकात आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या चाळींतून मुलांच्या हाती ‘ब्रिक गेम’ नावाचे चिमुकले यंत्र दिसे. त्यातील ठोकळ्यांच्या खेळाचे मूळ नाव टेट्रिस.

१९८४ साली मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह हे संशोधक काम करीत असत. त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्राच्या पडद्यावर चित्रे उमटत नसत, केवळ अक्षरे व चिन्हे उमटत. तेव्हा त्यांनी कंसाची चिन्हे जोडून चौकोन केले. पाच चौकोनांच्या ठोकळ्यांचे एक कोडे त्यांच्या आवडीचे होते. पण त्याचे आकार बारा होतात. म्हणून त्यांनी चारच चौकोन घेतले आणि आकार उरले सात. वरून पडणारा ठोकळा फिरवून बसवायचा. दहा घरांची आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. ढीग माथ्याला टेकला की डाव संपला.

आता थोडे गणित. सात ठोकळे, प्रत्येकी चार चौकोन. सात चोक अठ्ठावीस. मग सात घरे लांब व चार घरे रुंद अशा आयतात ते नेमके बसावेत ना? बसत नाहीत. आयताची घरे बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवा. दोन्ही चौदा-चौदा होतील. सहा ठोकळे कसेही ठेवले तरी दोन काळी व दोन पांढरी घरे व्यापतात. सातवा मात्र इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा. तो एका रंगाची तीन घरे घेतो व दुसऱ्याचे एक. बेरीज होते पंधरा आणि तेरा. मग हिशेब जुळणार कसा?

याहून नवल पुढेच आहे. १९९७ साली हायडी बर्गीएल या गणितज्ञ बाईंनी दाखवून दिले की, दोन नागमोडी ठोकळे आलटून पालटून येत राहिले तर निष्णात खेळाडूही अखेर हरतो. ठोकळे चिठ्ठ्या उचलाव्या तसे येत असतील, तर डाव अखंड चालू राहिल्यास अशी रांग कधीतरी येणारच.

आणि कर्त्याचे काय? १९८९ साली ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेने जपानच्या निन्टेन्डो कंपनीला हक्क दिले आणि खेळ जगभर गेला. पाजित्नोव्ह यांना मात्र आपल्या निर्मितीचा मोबदला १९९६ पासून मिळू लागला. ज्याच्या डोक्यातून वस्तू निघाली, त्याने बारा वर्षे थांबावे, हे न्याय्य म्हणता येईल काय? याचा विचार आपण करावा. आणि घरी जाऊन चौकटीच्या कागदाचे सात तुकडे कापून मुलांपुढे ठेवावेत.