पुढच्या दोन चाकांमधली दांडी

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 साली बाजारात आली, तेव्हा पुढच्या दोन चाकांना जोडणारी पोलादी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार, उघड्या टपाच्या गाडीला वेगळे पैसे मोजूनच मिळायची. 1966 च्या अखेरीस कंपनीने ती सगळ्या गाड्यांना बसवायला सुरुवात केली. पुढे 1974 मध्ये अमेरिकेच्या बंपरच्या नियमांपायी गाडीला काळे रबरी बंपर लागले, ती साधारण दीड इंच उंच झाली, आणि नेमकी त्याच वेळी खर्च वाचवायला पुढची दांडी काढून टाकली गेली. उंच झालेली गाडी वळणावर इतकी कलू लागली की जुने चाहतेच तोंड फिरवू लागले. दोनेक वर्षांनी पुढची दांडी परत आली, शिवाय मागेही एक आली. ही दांडी काय करते हे ती काढल्यावर जितकं कळलं, तितकं ती असताना कुणाला कळलं नव्हतं.

आमच्या गॅरेजांत तिला स्टॅबिलायझर म्हणतात. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली ही दांडी मधल्या भागात दोन रबरी बुशांत, चेसिसला धरून असते. तिची दोन टोकं छोट्या लिंकांनी खालच्या विशबोनला जोडतात. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर ती बुशांत नुसती फिरते, काही विरोध करत नाही. वळणावर मात्र बाहेरची बाजू दबते, आतली उचलते, आणि दांडी ओलं धोतर पिळावं तशी पिळली जाते. त्या पिळाच्या विरोधामुळे गाडी कमी कलते. फुकट काहीच नाही: पुढच्या बाहेरच्या टायरवर भार वाढतो, पकड सुटायची वेळ आली तर आधी गाडीचं नाक बाहेर जातं. शेपूट फिरण्यापेक्षा ते बरं, कारण पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुतेक वेळा गाडी सावरते.

मुंबईतल्या आमच्या नाहूरला हे सांगायची गरज पडू नये. एलबीएस मार्गाने दक्षिणेला गेलं की कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या या कंपनीने 1954 पासून फियाट 1100 बनवली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. दान्ते जाकोसा यांच्या आराखड्याची ही गाडी पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि अँटी-रोल बार घेऊनच आली होती. तिच्या 1089 सीसी इंजिनावर इटलीत स्टांगेल्लिनीने फॉर्म्युला ज्युनियरच्या रेसगाड्या पळवल्या, हे पद्मिनी टॅक्सीच्या मागच्या सीटवर घामाघूम बसलेल्या कुणाला कधी वाटलं असेल? शेवटची काळीपिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. पण मुंबईच्या जुन्या मिस्त्रींचे हात तिच्यावरच घडलेले आहेत, आणि जुन्या एमजीला बार बसवताना तेच कामी येतात.

पहिलं काम पान्याचं नाही, तारेच्या ब्रशचं. दांडीचे ब्रॅकेट जिथे बसणार तो चेसिसचा भाग खरवडून बघायचा. गंजलेल्या पत्र्यावर बोल्ट आवळले तर पहिल्याच जोरात ते पत्र्यासकट हलू लागतील. पत्रा पातळ झाला असेल तर आधी वेल्डिंग, मागून पट्टी. मग बुश. रबरी बुशाला साधं ग्रीस लावू नये, रबर फुगतं. पॉलियुरेथेनचा असेल तर सिलिकॉन ग्रीस, नाहीतर महिन्याभरात कुरकुर सुरू. ब्रॅकेट इतकं आवळू नये की दांडी हाताने फिरणारच नाही.

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे: गाडी घोडीवर टांगलेली असतानाच लिंकांचे बोल्ट करकचून आवळले जातात. चाकं लोंबकळत असताना बुश ज्या कोनात धरले जातात, तो गाडीचा खरा कोन नव्हे. बोल्ट हातानेच लावून ठेवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढून दोन-चारदा दाबून सोडायची आणि मग शेवटचं आवळायचं. दोन्ही लिंकांची लांबी सारखी हवी, नाहीतर गाडी सरळ उभी असतानाही दांडीला पीळ बसलेला राहतो आणि डावं वळण उजव्यासारखं लागत नाही. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर किंवा ब्रेकचा होज दांडीला घासत नाही ना, ते पाहायचं. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळे बोल्ट तपासायचे.

जाड दांडीचा मोह आवरायला हवा. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 16 मिलिमीटरची काढून 19 ची घातली, तर तीन मिलिमीटरच्या फरकात हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. मोकळ्या ट्रॅकवर ठीक. पण मेट्रो 4 च्या कामाने एलबीएस मार्गाचं काय झालं, ते नाहूरकराला वेगळं सांगायला नको. एक चाक खड्ड्यात गेलं की जाड दांडी दुसऱ्यालाही ओढते, आणि स्वतंत्र म्हणवणारं सस्पेन्शन नावापुरतं स्वतंत्र उरतं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या नाहूर पुलावर जाड दांडीची गाडी झकास चालेल, पण पूल उतरल्यावर दात वाजतील. माझ्या मते इथे कंपनीच्या मापाची दांडी आणि चारी बाजूंना नवे बुश एवढंच पुरे. झिजलेले बुश तसेच ठेवून जाड दांडी घालणं म्हणजे पैसे वाया.

कागदपत्रांची बाजूही आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच काढायची. मूळ भोकांत बोल्टने बसणारी, हवी तेव्हा उतरवता येणारी दांडी त्यामुळेही शहाणपणाची. जास्तीच्या ताकदीसाठी चेसिसला नवी भोकं पाडायचा सल्ला कुणी दिला, तर तो गाडीला आणि कागदालाही महागात पडेल.