मृत्यूनंतरची कागदपत्रं

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा.

घरीच मृत्यू झाला असेल तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, तीही मृत्यू जिथे झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत. मुंबईच्या रुग्णालयात वारलेल्या माणसाची नोंद गावी होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा, प्रती भरपूर घ्या.

एटीएमचा पिन माहीत असला तरी पैसे काढू नका, बँकेला कळवा. पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापलेले दिसले, तर तो बहुधा जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो. त्याचे २ लाख नॉमिनीला मिळतात, पण अर्ज करावा लागतो. खात्यातले पैसेही नॉमिनीच्या हाती येतात, पण त्यांची मालकी कायदेशीर वारसांचीच.

सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्या. त्यात पत्नी आणि लग्न झालेल्या मुलींचीही नावं हवीतच. दिवसकार्य उरकायच्या आत कुणी त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं, तर सही करू नये, वकिलाला दाखवावं.