विश्लेषण : वस्तूत शिसे निघाले, तर जालन्याच्या ग्राहकाच्या हाती काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हळदीत किंवा मसाल्यात शिसे आढळले आणि पाकिटावर इशारा नसला, की कंपनीला नोटीस जाते. १९८६च्या ‘प्रपोझिशन ६५’ कायद्यानुसार कोणीही नागरिक ती पाठवू शकतो. ६० दिवसांत सरकारने कारवाई केली नाही, तर तो स्वत: दावा लावतो. असे अनेक दावे तडजोडीत मिटतात. कंपनी दंड भरते, इशारा छापते किंवा शिसे कमी करते. दंडाचा पाव हिस्सा दावेदाराला मिळतो. (त्यावरच दुकान चालवणारे वकील आहेत, ही टीकाही जुनीच.)

आपल्याकडे काय झाले?

‘मॅगी’ प्रकरण आठवत असेल. शिसे मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे सांगत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०१५मध्ये देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती. फेरचाचणीत शिसे मर्यादेत निघाले. केंद्राने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे मागितलेली सुमारे ६४० कोटींची भरपाईही एप्रिल २०२४मध्ये फेटाळली गेली.

मग जालन्यात दाद कुठे?

जिल्हा ग्राहक आयोगात. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. शिसे डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक बाधते. त्यामुळे सगळी भिस्त चाचणीवर. आयोग मोहोरबंद नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, पण त्याचे पैसे तक्रारदाराला आधी भरावे लागू शकतात. पाकीट, बॅच क्रमांक, बिल जपून ठेवावे. खाद्यपदार्थ ग्राहकाला स्वत:ही अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. किराणा घेताना असे कोण सांगते!

तडजोड होते का?

आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. पण २०२०च्या नियमांनुसार जनहिताची किंवा आयोगासमोर नसलेल्या असंख्य लोकांशी निगडित प्रकरणे तिकडे जात नाहीत. एखाद्याने बाहेरच पैसे घेऊन तक्रार मागे घेतली, तर त्याचे भागते. दुकानातले बाकीचे पुडे मात्र तिथेच राहतात. घातक माल विक्रीतून काढण्याचा आदेश आयोग देऊ शकतो, पण तक्रार निकालापर्यंत टिकली तर. ती दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.