अंगावरचा प्रत्येक फोड नागीण नसतो. त्वचेचे सांधे सुटतात तेव्हा नेमकं काय होतं?

अंगावर पाण्याचे फोड उठले की घरात पहिला शब्द निघतो तो ‘नागीण’. मग कुणी गेरू लावायला सांगतं, कुणी शेजारच्या गावातला जाणकार सुचवतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही, ही भीती तर जुनीच आहे.

खरी नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी हा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर पुन्हा डोकं वर काढतो. तो एकाच मज्जातंतूच्या वाटेने येतो, म्हणून फोड सहसा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. तोंड-शेपूट जुळण्याची भीती निराधार आहे. मात्र विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. गेरूत गेलेले दोन-तीन दिवस इथेच महागात पडतात.

पण फोड दोन्ही बाजूंना असतील, आठवड्यांमागून आठवडे नवे येत असतील, किंवा त्याआधी कित्येक दिवस तोंड आलेलं असेल, तर गोष्ट वेगळी असू शकते. अशा वेळी बाहेरचा जंतू शोधून भागत नाही. त्वचेचा सांधा कुठे सुटला, हे बघावं लागतं.

पेशींची टिचबटणं

त्वचेचा वरचा थर म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशी. तळाच्या रांगेत नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिनाभराने कोंड्यासारख्या झडतात. रोज घासली, ताणली, खाजवली जाणारी ही त्वचा सुटून का येत नाही? कारण शेजारच्या दोन पेशी जागोजागी एकमेकींना अडकवलेल्या असतात. ब्लाउजच्या टिचबटणाचा एक भाग या कापडावर, दुसरा त्या कापडावर, तसंच. या बटणाला डेस्मोसोम म्हणतात. त्यात प्रत्यक्ष अडकवण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे डेस्मोग्लीन. तळाची रांग खालच्या थराला धरून राहते ती वेगळ्या जोडणीने. तिथली प्रथिनंही वेगळी.

म्हणजे सांधे दोन प्रकारचे : पेशी-पेशींमधला आणि वरचा थर व खालचा थर यांच्यातला. जो सांधा सुटेल तिथे पोकळी होते, तिच्यात शरीरातलं पाणी झिरपतं आणि फोड दिसतो.

आपलीच फौज आपल्यावर

पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजारात पहिला सांधा सुटतो. जंतूंशी लढायला शरीर अँटिबॉडी नावाची प्रथिनं बनवतं. या आजारात शरीराचा हिशेब चुकतो आणि डेस्मोग्लीनच्याच विरोधात अँटिबॉडी तयार होतात. त्या बटणावर जाऊन चिकटतात आणि पेशी एकमेकींपासून सुटतात.

हे कळायला बराच काळ गेला. १९६४ साली अमेरिकेत बॉयटनर आणि जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात अशा अँटिबॉडी असल्याचं दाखवलं. त्यांचा नेम नेमका कशावर, म्हणजे डेस्मोग्लीन-३ वर, हे १९९१ मध्ये मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅन्ली यांच्या कामातून पुढे आलं.

आजार बहुतेकदा तोंडातून का सुरू होतो, याचं उत्तरही इथेच मिळतं. डेस्मोग्लीनचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेची भिस्त मुख्यतः तिसऱ्या क्रमांकावर असते. बाहेरच्या त्वचेत पहिला क्रमांकही जोडीला असतो, त्यामुळे तिसरा निकामी झाला तरी ती काही काळ तग धरते. पुढे पहिल्याविरुद्धही अँटिबॉडी तयार झाल्या की छाती, पाठ, डोकं इथे फोड येतात.

याचा पुरावा एका वेगळ्याच आजाराने दिला. लहान मुलांना स्टॅफिलोकॉकस जंतूच्या संसर्गातून कधी कधी भाजल्यासारखी साल निघणारा आजार होतो. या जंतूचं विष नेमकं डेस्मोग्लीन-१ कापतं. म्हणून त्या मुलांची त्वचा सोलते, पण तोंडाचा आतला भाग शाबूत राहतो.

फोड सैल की घट्ट?

पेम्फिगसचा फोड वरच्या थराच्या आतच तयार होतो. त्याचं छप्पर पातळ, त्यामुळे तो सैल असतो आणि लगेच फुटतो. कित्येक रुग्णांत फोड दिसतच नाही, नुसती ओली, दुखरी जखम दिसते. कडेची चांगली दिसणारी त्वचा बोटाने घासली तरी सरकते. ही तपासणी मात्र डॉक्टरांनीच करावी.

बुलस पेम्फिगॉइड हा त्याचा चुलतभाऊ. तो प्रामुख्याने वयस्कर माणसांत दिसतो. इथे अँटिबॉडी तळाच्या जोडणीवर हल्ला करतात आणि वरचा सगळा थर छप्पर म्हणून राहतो. त्यामुळे फोड घट्ट, टरटरून भरलेला आणि सहज न फुटणारा असतो. त्याआधी कधी कधी कित्येक आठवडे नुसती प्रचंड खाज असते. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनशी, या आजाराचा संबंध आढळला आहे. गोळी स्वतःहून बंद करू नये; पण कोणतं औषध चालू आहे ते त्वचेच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

तिसरी तऱ्हा जन्मजात. एपिडर्मोलायसिस बुलोसा या आजारात अँटिबॉडीचा दोष नसतो. सांध्याचं प्रथिन बनवणारं जनुकच बिघडलेलं असतं. बाळाला नुसतं उचललं तरी फोड येतात. त्याच्या काही प्रकारांत आई-बाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं आणि नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक जमवण्याची रीत असलेल्या भागात हे माहीत असायला हवं. या आजारावर आता उपायाची वाट दिसू लागली आहे. जर्मनीत सात वर्षांच्या एका मुलाच्या पेशींत दुरुस्त जनुक घालून प्रयोगशाळेत त्वचा वाढवली गेली आणि त्याच्या अंगावरची सुमारे ८० टक्के त्वचा बदलण्यात आली. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

उपचार काय आहेत?

स्टेरॉइड येण्याआधी पेम्फिगस म्हणजे बहुतेकांसाठी मृत्यूच होता. १९५० च्या दशकात स्टेरॉइडनी चित्र बदललं, पण मोठ्या मात्रेमुळे साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग हे प्रश्न आले. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी महिन्यातून सलग तीन दिवस शिरेतून मोठी मात्रा देण्याची पद्धत रुजवली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला.

आता रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन वापरात आहे. ज्या पेशींपासून अँटिबॉडी तयार होण्याची साखळी सुरू होते, त्याच ते नष्ट करतं. फ्रान्समधल्या ९० नव्या रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी हे इंजेक्शन आणि थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के लोक औषधाशिवाय पूर्ण बरे होते; नुसत्या स्टेरॉइडवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. इंजेक्शनआधी कावीळ-बी आणि क्षयरोगाची तपासणी करतात, ती टाळू नये.

घरच्यांनी काय करावं?

साधं तोंड येणं एक-दोन आठवड्यांत बरं होतं. तीन आठवड्यांनंतरही जखमा राहिल्या तर ‘उष्णता झालीय’ म्हणून गुलकंद आणि बी-कॉम्प्लेक्सवर थांबू नये, त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. बेळगाव, मिरज, बांबोळी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे.

निदानासाठी त्वचेचे दोन छोटे तुकडे घेतले जातात. एक फोडाचा, तो फॉर्मेलिनमध्ये जातो. दुसरा शेजारच्या चांगल्या त्वचेचा, अँटिबॉडी दाखवणाऱ्या इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीसाठी. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला तर तपासणी वाया जाते. नमुना दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर तो कशात ठेवलाय, हे विचारून घ्यावं.

स्टेरॉइडच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नयेत. बाहेरून औषध मिळत असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं.

आणि पेम्फिगस, पेम्फिगॉइड किंवा हा जन्मजात आजार स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचं ताट, पांघरूण, खोली वेगळी करायची काहीच गरज नाही. तोंड सोललेल्या माणसाला तिखट जेवण गिळत नाही. त्याला मऊ दहीभात हवा असतो आणि तो भरवायला जवळ बसणारं माणूस.