आभासी वास्तव आणि मणिकर्णिका घाट

हेडसेट लावून आभासी जगात शिरण्याचा पहिला अनुभव अनेकांना खेळांतून मिळाला. २०१३ मध्ये ऑक्युलस रिफ्टचा पहिला संच विकसकांसाठी उपलब्ध झाला. त्यावरील रोलर कोस्टरच्या प्रात्यक्षिकात खुर्चीत बसलेल्यालाही घेरी येत असे. डोळ्यांना गती दिसते, मात्र आंतरकर्णाला ती जाणवत नाही, हे त्याचे कारण होय.

२०१४ मध्ये गुगल कार्डबोर्ड या पुठ्ठ्याच्या साधनाने मोबाइल फोनलाच हेडसेटचे रूप दिले. ३६० अंशांतील चित्रण त्यामुळे घरोघरी पाहता येऊ लागले. पुढे वाराणसीच्या काशी विश्वनाथ धामातही भाविकांसाठी आभासी दर्शनाची सोय करण्यात आली.

धामालगतच्या मणिकर्णिका घाटावर अहोरात्र चिता जळतात. तेथे दहनाचे छायाचित्रण करू नये, असा संकेत आहे. साधा कॅमेरा दुसरीकडे वळवता येतो. ३६० अंशांचा कॅमेरा मात्र चहूबाजूंना पाहतो आणि शोकाकुल आप्तही त्यात टिपले जातात. दूरची दृश्ये त्यात फार लहान दिसत असल्याने तो जवळ नेण्याचा मोह होतो. म्हणूनच असे चित्रण नदीपात्रातून, अंतर राखून आणि आप्तांच्या संमतीनेच व्हायला हवे.